नऊशे साठ धावांचा हिशेब

चंद्रपूरहून ताडोब्याच्या मोहर्ली फाटकाकडे जाणारा रस्ता दुर्गापूर ओलांडतो आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. त्यांच्या पायथ्याशी ऊर्जानगर ही वसाहत आहे. एका अंगाला दुर्गापूर आणि पद्मापूरच्या कोळसा खाणी, दुसऱ्या अंगाला जंगल. संध्याकाळी मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं आणि अंधार पडायच्या आत मुलं घराकडे वळतात. वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या या टापूत ते वेगळं शिकवावं लागत नाही. २,९२० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्रात काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे मागणी असेल त्या क्षणीच ती तयार करावी लागते. रात्री दोन वाजता तयार झालेलं युनिट आणि संध्याकाळी सात वाजता, राज्यभरातले दिवे, पंखे आणि पंप एकदम सुरू असताना तयार झालेलं युनिट मीटरवर सारखंच नोंदलं जातं. ग्रिड सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या दोन युनिटांची किंमत सारखी नसते. वर्षाअखेरीला किती युनिटं तयार झाली या एका आकड्यात ती अडचणीच्या वेळची युनिटं विरघळून जातात.

क्रिकेटच्या मोसमाअखेरीला जी ‘सर्वाधिक धावा’ची यादी छापली जाते, तिचंही असंच होतं. या यादीत पहिला कोण हे लगेच कळतं. त्याच्या धावा कुठल्या वेळच्या, कुणाच्या साथीनं आणि कशासाठी केलेल्या, हे तिच्यातून कळत नाही. माझं म्हणणं असं की मोसमातला धावांचा खरा उत्पादक शोधायचा असेल तर बेरजेच्या आधी प्रसंग पाहायला हवा. हे विदर्भात बसून म्हणणं सोपं जातं, कारण २०२४-२५च्या रणजी करंडकात या यादीच्या शिखरावर विदर्भाचाच यश राठोड होता.

यादी कशी तयार होते

राठोडचा हिशेब असा : १० सामने, १८ डाव, ९६० धावा, ५ शतकं, सरासरी ५३.३३. मोसमातल्या कुठल्याही फलंदाजापेक्षा जास्त धावा. त्याच संघातल्या करुण नायरच्या ८६३ आणि पदार्पणाच्याच मोसमात दानिश मालेवारच्या ७८३. या तिघांच्या मिळून अडीच हजारांहून अधिक धावा झाल्या आणि विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला. इथवर यादी आणि निकाल हातात हात घालून चालतात, आणि त्यामुळेच यादीवरचा विश्वास वाढतो.

पण यादीच्या रचनेत एक गोष्ट दडलेली आहे. रणजीत साखळीचे सात सामने असतात. अंतिम फेरीपर्यंत पोचणारा संघ उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे आणखी तीन खेळतो. म्हणजे त्याच्या फलंदाजाला सहा डाव जास्त मिळू शकतात, आणि साखळीतच थांबलेल्या संघाच्या फलंदाजाला ते कधीच मिळत नाहीत. फलंदाजाच्या धावांमुळे संघ पुढे जातो हे खरं. संघ पुढे गेल्यामुळे फलंदाजाच्या धावा वाढतात हेही तितकंच खरं. यादीत या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळतात की वेगळ्या काढता येत नाहीत.

दुसरी गोष्ट समोरच्या गोलंदाजीची. २०१८-१९मध्ये ईशान्येकडची राज्यं, बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी अशा नऊ नव्या संघांना रणजीत प्रवेश मिळाला आणि त्यांचा वेगळा प्लेट गट झाला, जुने संघ एलिट गटांत राहिले. त्या मोसमात सर्वाधिक धावा कुणाच्या, तर सिक्कीमकडून खेळलेल्या मिलिंद कुमारच्या : १,३३१. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणच्या १९९९-२०००मधल्या १,४१५ धावांच्या विक्रमाजवळ तो पोचला होता. मिलिंद कुमार चांगला फलंदाज होता यात शंका नाही, पुढे तो अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. पण त्याच मोसमात चाळिशी ओलांडलेल्या वसीम जाफरनं विदर्भासाठी एलिट गटात केलेल्या १,०३७ धावा आणि या १,३३१ धावा एकाच रांगेत उभ्या करून खालीवर लावणं म्हणजे आकड्यांचा मान राखणं नव्हे. गोलंदाजीतही तेच घडलं. त्या वर्षी बिहारच्या आशुतोष अमननं प्लेट गटात ६८ बळी घेऊन मोसमाचा विक्रम केला. तो मोडला २०२४-२५मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेनं, एलिट गटात ६९ बळी घेऊन. कागदावर फरक एका बळीचा आहे.

जामठ्याची दुसरी खेळी

आता राठोडच्या धावा कुठे पडल्या ते पाहू. नागपूरच्या जामठा मैदानावर उपांत्यपूर्व सामन्यात विदर्भानं तमिळनाडूवर १२८ धावांची आघाडी घेतली होती. पहिल्या डावातलं शतक नायरचं, १२२. दुसऱ्या डावात संघाच्या २७२ झाल्या, त्यात राठोडच्या ११२. सामना १९८ धावांनी जिंकला. पुढच्याच आठवड्यात त्याच मैदानावर मुंबई. विदर्भ ३८३, मुंबई २७०. ११३ धावांच्या आघाडीवर निर्धास्त राहावं असं वाटत असताना दुसऱ्या डावात विदर्भाची अवस्था ४ बाद ५६ झाली. मुंबईचा संघ अशा फटीतून सामना काढून नेतो, हे रणजी पाहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. तिथून राठोड आणि कर्णधार अक्षय वाडकर खेळले. वाडकर ५२ करून गेला, राठोडनं १५१ केल्या. विदर्भ २९२, मुंबईसमोर ४०६चं लक्ष्य, मुंबई ३२५ सर्वबाद. फरक ८० धावांचा. राठोडच्या १५१ वजा केल्या तर काय उरतं, याचं उत्तर प्रत्येकानं आपापलं काढावं.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. वर्षभर आधी, मार्च २०२४मध्ये, याच मैदानावर मध्य प्रदेशविरुद्धच्या उपांत्य सामन्यात विदर्भ पहिल्या डावात १७० धावांत बाद झाला आणि ८२ धावांनी मागे पडला. दुसऱ्या डावात निम्मा संघ परतल्यावर राठोड आणि वाडकर हीच जोडी उभी राहिली. राठोड १४१, वाडकर ७७, संघ ४०२, आणि सामना ६२ धावांनी विदर्भाचा. त्या मोसमाच्या ‘सर्वाधिक धावा’च्या यादीत राठोड वर कुठे नव्हता. तरीही विदर्भ वानखेडेवरच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला त्यात या १४१चा वाटा किती मोठा आहे, हे सांगायला यादी लागत नाही.

२०२५च्या अंतिम सामन्यात मात्र राठोडच्या नावावर अर्धशतकही नाही. २६ फेब्रुवारीला केरळनं नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली आणि सकाळच्या पहिल्या तासातच ३ बाद २४ अशी दाणादाण उडवली. मालेवार आणि नायरनं चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या. मालेवार १५३, नायर ८६, विदर्भ ३७९. दुसऱ्या डावात २ बाद ७ अशा अवस्थेत पुन्हा तीच जोडी, या वेळी १८२ धावांची भागी. नायर १३५, मालेवार ७३. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामन्यांत मिळून तीन वेळा डाव कोसळायला आला आणि सावरणारे हात प्रत्येक वेळी राठोडचेच नव्हते. ९६० हा आकडा एका नावापुढे लिहिला जातो, पण १५१ धावा करता येतील इतका वेळ वाडकर दुसऱ्या टोकाला थांबला नसता, तर तो आकडा तिथे पोचलाच नसता. भागीदारी हा क्रिकेटमधला उत्पादनाचा खरा घटक आहे. मोसमाच्या यादीत तिला रकाना नाही.

अमेरिकेतला जुना वाद

धावांचा उत्पादक कोण, हा वाद अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये शंभर वर्षं चालू आहे, आणि तो समजून घेतला की आपल्या यादीकडेही नीट पाहता येतं. बेसबॉलमध्ये धाव पूर्ण व्हायला खेळाडूनं तीन तळ पार करून चौथ्यावर, म्हणजे मूळ जागी, परत यावं लागतं. फलंदाजानं चेंडू मारला आणि त्यामुळे आधीपासून तळावर उभा असलेला सहकारी घरी पोचला, तर ती धाव धावणाऱ्याच्या नावावर ‘रन’ म्हणून आणि फलंदाजाच्या नावावर ‘रन बॅटेड इन’ म्हणून नोंदली जाते. १९२०पासून ही नोंद अधिकृत आहे. एकच धाव दोघांच्या खात्यात जाते, ही या पद्धतीची प्रामाणिक बाजू. धाव एकट्यानं होत नाही हे तिथल्या वहीनं मान्य केलं.

मग या नोंदीचा राजा कोण? शिकागो कब्जचा हॅक विल्सन. १९३०मध्ये त्यानं १९१ धावा घरी आणल्या, हा विक्रम आजही अबाधित आहे. पण तळावर कुणी उभंच नसेल तर मैदानाबाहेर मारलेला चेंडूही एकच धाव देतो, तळ भरलेले असतील तर चार. विल्सनच्या संघात त्या वर्षी किकी कायलरनं स्वतः १५५ वेळा आणि वुडी इंग्लिशनं १५२ वेळा धाव पूर्ण केली. विल्सन मारायला यायचा तेव्हा तळावर माणसं असायची. शिवाय तो मोसमच फलंदाजांचा होता : अख्ख्या नॅशनल लीगची फलंदाजीची सरासरी .३०३ होती. पुढच्या वर्षी चेंडूची शिवण बदलली, विल्सनचा फॉर्मही गेला, आणि त्याचा आकडा १९१वरून ६१वर आला. १,३३१ धावांच्या मोसमाची आठवण इथे होणं स्वाभाविक आहे.

या नोंदीतला पक्षपात कमी करायला नंतर एक साधं सूत्र पुढे आलं. फलंदाजानं स्वतः पूर्ण केलेल्या धावा अधिक त्यानं घरी आणलेल्या धावा, वजा त्याचे होम रन, कारण होम रनमध्ये तो स्वतःच घरी येतो आणि तीच धाव दोनदा मोजली जाते. या हिशेबानं १९३०चा विल्सन २८१वर येतो. १९३१मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा लू गेरिग तीनशेच्या वर जातो. गेरिगच्या आधी फलंदाजीला येत होता बेब रूथ, जो त्या वर्षी सतत तळावर असायचा. आणि दोन्ही संघांचं काय झालं? कब्ज १९३०मध्ये आपल्या लीगमध्ये दुसरे, यांकीज १९३१मध्ये आपल्या लीगमध्ये दुसरे.

सर्वाधिक धावा आणि करंडक

आपल्याकडे हे तपासायला आयपीएलची ऑरेंज कॅप सोयीची आहे. २००८ ते २०२५ या अठरा मोसमांत सर्वाधिक धावा करणाऱ्याचा संघ विजेता ठरला, असं फक्त दोनदा घडलं : २०१४मध्ये रॉबिन उथप्पा आणि कोलकाता, २०२१मध्ये पुण्याचा ऋतुराज गायकवाड आणि चेन्नई. विराट कोहलीच्या २०१६मधल्या ९७३ धावा आजही आयपीएलचा विक्रम आहेत, आणि बंगळुरू त्या वर्षी अंतिम सामना हरला. विजय हजारे करंडकात २०२४-२५मध्ये करुण नायरनं पाच शतकांसह ७७९ धावा केल्या. तो बाद क्वचितच झाल्यामुळे सरासरी होती ३८९.५०. अंतिम सामन्यात कर्नाटकच्या ३४८ धावांसमोर विदर्भाच्या ३१२ झाल्या. नायर त्या दिवशी लवकर गेला आणि शतक ध्रुव शोरेनं काढलं. लक्ष्मणच्या १,४१५ धावांच्या मोसमात हैदराबाद अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलं. २०१७-१८मध्ये मयंक अगरवालनं १,१६० धावा करून यादी जिंकली. त्याच्या कर्नाटकला उपांत्य सामन्यात पाच धावांनी हरवून विदर्भ पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला आणि जिंकला.

जाफरच्या १,०३७ धावांचा मोसम यात सगळ्यात बोलका आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये नागपुरात सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना झाला. जाफरला दोन्ही डावांत मोठी खेळी करता आली नाही. पहिल्या डावात विदर्भाला ३१२पर्यंत नेलं तळाकडे आलेल्या अक्षय कर्णेवारच्या नाबाद ७३ धावांनी, आणि सौराष्ट्र ३०७वर थांबल्यामुळे आघाडी मिळाली पाच धावांची. दुसऱ्या डावात संघ २००वर आटोपला, त्यात आदित्य सरवटेच्या ४९. मग सरवटेनं सहा गडी बाद केले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. मोसमभर संघाला अंतिम फेरीपर्यंत ओढून आणणारा जाफर आणि शेवटच्या चढावर गाडी ढकलणारे कर्णेवार-सरवटे, यात लहान-मोठं करण्याचं कारण नाही. दोन्ही कामं झाली म्हणून करंडक आला. यादी मात्र पहिल्याचीच नोंद ठेवते.

पंधरा धावा

एका धावेची किंमत किती चढू शकते, हे २०२४-२५च्या केरळनं दाखवलं. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर जम्मू-काश्मीरच्या २८० धावांना उत्तर देताना केरळ ९ बाद २०० होता. शतकवीर सलमान निझारला शेवटच्या क्रमांकाच्या बेसिल थंपीनं साथ दिली, ८१ धावांची भागी झाली, केरळ २८१. एका धावेची आघाडी. सामना अनिर्णित, केरळ उपांत्य फेरीत. तिथे अहमदाबादला गुजरातविरुद्ध ४५७ विरुद्ध ४५५, दोन धावांची आघाडी, आणि केरळ इतिहासात पहिल्यांदा अंतिम फेरीत. गहुंजेच्या त्या भागीत थंपीच्या धावा होत्या १५. मोसमाच्या यादीत या पंधरा धावांना जागा कुठे असणार? शेकडो नावांच्या तळाशी. पण त्या नसत्या तर जामठ्याचा अंतिम सामना दुसऱ्याच कुणाशी तरी झाला असता.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सरळ आहे : धाव ती धाव. पाच महिने, निरनिराळ्या खेळपट्ट्या, अठरा डाव, इतक्या अवधीत नशीब कुणाला ९६०पर्यंत पोचवत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. मोठी बेरीज हा कौशल्याचा भक्कम पुरावा आहे, आणि पुढच्या वर्षी कोण खेळेल याचा अंदाज बांधायला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. सप्टेंबर २०२५मध्ये दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य विभागाकडून राठोडनं १९४ केल्या, तेव्हा ९६०चा आकडा उगाच नव्हता हे दिसलंच. माझा वाद कौशल्याशी नाही, उपयोगाशी आहे. फलंदाज किती चांगला हा एक प्रश्न, त्याच्या धावांनी काय साधलं हा दुसरा. यादी पहिल्याचं बऱ्यापैकी उत्तर देते आणि दुसऱ्याचं दिल्याचा आव आणते.

दुसरा आक्षेप सलामीवीरांच्या बाजूनं येतो. प्रसंग मोजायचा तर नवा चेंडू, ताजे गोलंदाज आणि सकाळची ओल झेलणाऱ्यांचं काय? मधल्या फळीतल्याला जुना चेंडू आणि दमलेले हात मिळतात. आक्षेप योग्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. पहिल्या तासात ४० चेंडू खेळून १२ धावा करणाऱ्या सलामीवीरानं खालच्या दोघांची शतकं शक्य केली असतील, तर प्रसंगाच्या हिशेबात त्याला श्रेय मिळतं, बेरजेच्या यादीत मिळत नाही. फक्त ४ बाद ५६ असताना चेंडू फारसा जुना झालेला नसतो, एवढं लक्षात ठेवावं.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड. ‘मोक्याला खेळणारा’ असा खास फलंदाज असतो का? बेसबॉलमध्ये डिक क्रेमर यांनी १९७७मध्ये आकड्यांनी दाखवलं की एका मोसमात मोक्याला चमकलेले फलंदाज पुढच्या मोसमात तसे चमकतातच असं नाही. तो गुण सातत्यानं टिकणारा आहे याचा पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणून राठोडच्या दोन उपांत्य सामन्यांतल्या शतकांवरून त्याच्या रक्तातच संकटमोचन आहे असं म्हणणं घाईचं होईल. दोन सामने फार थोडे. पण मोक्याच्या धावांची किंमत जास्त असते हे म्हणायला मोक्याला खेळण्याचा वेगळा गुण असावाच लागतो असं नाही. १५१ धावा कौशल्यानं झाल्या, त्या ४ बाद ५६वर झाल्या हा योग मानला, तरी सामना त्यांनीच राखला. श्रेय देताना स्वभावाच्या कथा रचू नयेत, आणि घडलेलं काम नाकारूही नये.

सहाव्या क्रमांकावरचा मुलगा

हा वाद जिल्ह्याच्या मैदानावर सर्वांत जास्त महत्त्वाचा ठरतो. चंद्रपूरपासून नागपूर दीडशे किलोमीटर, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाहून तर कितीतरी दूर. विदर्भाच्या संघातून पुढे आलेला पहिला कसोटीपटू उमेश यादव हा खाणकामगाराचा मुलगा, वयाच्या विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळलेला. गोलंदाजाचा वेग एका षटकात डोळ्यांना दिसतो, फलंदाजाला वेळ आणि डाव लागतात. कोळसा पट्ट्यातल्या एखाद्या संघात सहाव्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुलाला मोसमात जेमतेम काही डाव मिळतात, त्यातले निम्मे शेवटच्या षटकांत बॅट फिरवण्यात जातात. त्याची बेरीज सलामीला येणाऱ्या कर्णधाराएवढी कधीच होणार नाही. निवडीला बसलेल्या माणसानं वही उघडून फक्त बेरीज वाचली, तर तो मुलगा तिथेच थांबला.

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक स्कोअरबुकात गडी कुठल्या धावसंख्येवर बाद झाला याचा रकाना असतोच. त्यावरून फलंदाज आला तेव्हा संघाची स्थिती काय होती, तो असताना दुसऱ्या टोकाला किती गडी गेले, आणि तो बाद झाला तेव्हा संघ किती पुढे सरकला होता, या तीन गोष्टी दहा मिनिटांत काढता येतात. चषकाच्या बक्षीस समारंभात ‘मॅन ऑफ द सिरीज’ जाहीर करण्याआधी स्कोअररनं एवढं करून द्यावं आणि आयोजकांनी ते वाचावं. पुष्कळदा बक्षीस ज्याचं होतं त्यालाच जाईल, कारण चांगला फलंदाज दोन्ही हिशेबांत पुढे असतो. एखाद्या वर्षी ते निम्मा संघ ३० धावांत परतल्यावर ३८ करून नाबाद राहिलेल्या मुलाकडे जाईल, आणि नागपूरच्या चाचणीला त्याचं नाव पाठवताना जिल्ह्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी लेखी असेल.